कथेत शब्दावर जोर कसा द्यावा: तिरपी अक्षरे, ठळक अक्षरे की नुसता 'च'?

निशिगंध

नमस्कार. गेली दोन वर्षे मी कथा लिहीत आहे आणि त्यांतली एक या वर्षी एका दिवाळी अंकाने स्वीकारली. आनंद झाला, पण संपादकांनी दुरुस्त करून पाठवलेली प्रत उघडली तेव्हा मी जरा हबकलेच. माझ्या हस्तलिखितात नायिकेच्या मनातले विचार तिरप्या अक्षरांत होते, तिच्या आईचे जुने पत्र तिरप्या अक्षरांत होते, संवादात ज्या शब्दावर आवाज चढतो तो शब्द ठळक होता, आणि उद्गारचिन्हे व टिंबे यांच्या बाबतीत मी हात आखडता घेतला नव्हता. परत आलेल्या प्रतीत सगळी अक्षरे सरळ आणि एकाच जाडीची झाली होती. सोबत एकच ओळ होती: 'जोर वाक्यात आणा, अक्षरात नको.'

आता माझी अडचण सांगते. 'मी तुला पैसे देणार नाही' असे माझी नायिका आपल्या धाकट्या भावाला म्हणते. तिचा जोर 'तुला' या शब्दावर आहे. म्हणजे पैसे आहेत, ती उद्या शेजारणीलाही देईल, पण या भावाला देणार नाही. तो एक शब्द ठळक नसेल तर वाचकाला हे कसे कळणार? इंग्रजी कादंबऱ्यांत तर असे शब्द सर्रास तिरपे छापलेले असतात. मराठीतच याचे वावडे का असावे?

चिंचगुळ

'तुला मी पैसे देणार नाही.' झाले की!

मुद्राराक्षस

चिंचगुळ यांनी एका ओळीत जे सांगितले तेच मी लांबवून सांगतो, कारण माझी तीस वर्षे मुद्रितशोधनात गेली आहेत आणि सवय जात नाही.

इंग्रजी वाक्यात शब्दांची जागा बरीचशी ठरलेली असते. कर्ता आधी, मग क्रियापद, मग कर्म. त्यांची अदलाबदल केली तर अर्थच बदलतो. म्हणून तिथे जोर आवाजाने द्यावा लागतो आणि कागदावर आवाज नसल्यामुळे तिरप्या अक्षरांचा आधार घ्यावा लागतो. मराठीत विभक्तिप्रत्यय शब्दाला चिकटलेले असल्यामुळे शब्द कुठेही बसवता येतो. 'तुला मी पैसे देणार नाही' म्हटले की भावाकडे बोट जाते. 'पैसे मी तुला देणार नाही' म्हटले की पैशांखेरीज दुसरे काहीतरी देण्याची तयारी दिसते. 'देणार नाही मी तुला पैसे' यात वाद संपल्याची घोषणा आहे. शब्द तेच आणि अक्षरांची जाडीही तीच. त्यातही भागले नाही तर आपल्याकडे च, ही, तर, सुद्धा, मात्र, ना, की अशी अव्ययांची फौजच उभी आहे.

'इंग्रजीत असतात' या मुद्द्याबद्दलही थोडे सांगतो. तिरप्या अक्षरांचा पहिला मोठा वापर व्हेनिसमध्ये आल्डस मॅन्युशियस याने १५०१ मध्ये केला आणि त्याच्यासाठी त्या अक्षरांचे खिळे, म्हणजे छपाईचे धातूचे ठसे, फ्रांचेस्को ग्रिफो याने कोरले होते. तो वापर एखाद्या शब्दावर जोर देण्यासाठी नव्हता. व्हर्जिलच्या काव्याची आख्खी प्रत त्याने त्याच अक्षरांत छापली, कारण ती अक्षरे सुशिक्षित माणसाच्या वळणदार हस्ताक्षरासारखी दिसत. सरळ मजकुरात एखादाच तिरपा शब्द पेरण्याची रीत नंतरची आहे. ठळक अक्षर तर त्याहून खूप अलीकडचे: लंडनच्या एका टंक-ओतशाळेने १८४५ मध्ये क्लॅरेंडन हा जाड ठसा काढला, तो कोशांतल्या मूळ शब्दासाठी आणि मथळ्यांसाठी उपयोगी ठरला. कथेतल्या पात्राच्या तोंडचा शब्द ठळक दिसला की मला अजूनही कोशातली नोंद वाचल्यासारखे वाटते.

शाईचा डाग

मुद्राराक्षस यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून मी असहमती नोंदवतो. 'मराठीत च आहे, म्हणून बाकी कशाची गरज नाही' हे विधान ऐकायला गोड असले तरी अर्धेच खरे आहे.

'च' नुसता जोर देत नाही, तो इतरांना वगळतो. 'मी गेलो होतो' यातल्या 'मी'वर आवाज चढवला तर अर्थ होतो, 'तू गेला नसशील, माझ्यापुरते विचारशील तर मी गेलो होतो.' 'मीच गेलो होतो' म्हटले तर मी कबुलीजबाब देत आहे. 'मीही गेलो होतो' म्हटले तर मी गर्दीत सामील झालो. पहिल्या अर्थाच्या जवळ जाणारे 'मी तर गेलो होतो' हे वाक्य आहे, पण त्यात तक्रारीचा सूर आपोआप येतो, आणि माझे पात्र तक्रार करत नसेल तर मी काय करावे?

दुसरी अडचण शब्दाच्या तुकड्याची. 'मी अविश्वास म्हणालो नाही, अतिविश्वास म्हणालो' या वाक्यात बोलणारा फक्त 'अति' वर जोर देतो. इथे शब्दक्रम बदलून उपयोग नाही आणि उपसर्गाला 'च' लागत नाही. आणि तिसरी गोष्ट म्हणजे जे संपादक ठळक अक्षरे काढतात तेच संपादक पानावर सात 'च' दिसले की त्यांतले पाच काढतात. मग लेखकाने जोर द्यायचा तरी कुठून?

मुद्राराक्षस

शाईचा डाग, 'तर' बद्दलचे तुमचे निरीक्षण अचूक आहे आणि ते मी मान्य करतो. पण तुमच्या 'अतिविश्वास'च्या वाक्यात ठळक अक्षराची गरज मला अजूनही दिसत नाही. 'अविश्वास' आणि 'अतिविश्वास' हे दोन शब्द एका वाक्यात शेजारी ठेवल्यावर वाचकाचा आवाज आपोआप 'अति' वर चढतो. विरोध मांडला की जोर न मागता येतो. तुम्ही जोर द्यायला निघालात ते वाक्य तुम्ही आधीच जोरदार लिहिलेले आहे.

सात 'च' पैकी पाच मीही काढतो, हा आरोप मात्र मान्य.

टोकियोची सई

माझे बरेच वाचन सध्या जपानी भाषेतून होते म्हणून ही भर घालते. जपानी लिपीतही तिरप्या अक्षरांची परंपरा नाही. उभ्या छपाईत ज्या शब्दावर जोर द्यायचा त्याच्या उजव्या बाजूला प्रत्येक अक्षराशेजारी एकेक बारीक टिंब देतात. त्याला 'बोतेन' म्हणतात. पान शांत राहते आणि तरी शब्द लक्षात येतो. जुन्या जर्मन पुस्तकांत ज्या काळ्या, टोकदार अक्षरांत छपाई होई तिथे शब्दातली अक्षरे सुटी सुटी करून जोर दाखवत असत. म्हणजे प्रत्येक लिपी आपल्या अंगाने काहीतरी उपाय शोधते. देवनागरीने आपला असा उपाय का शोधला नाही, हे कुतूहल मला आहे.

चिंचगुळ

शब्दावर टिंबे दिली तर ते सगळे अनुस्वार होतील आणि खाली दिली तर गझल होईल.

अक्षरवेडा

चिंचगुळ यांचा विनोद हीच तांत्रिक अडचण आहे. देवनागरीत अक्षराच्या वर आणि खाली दोन्हीकडे गर्दी असते, त्यामुळे तिथे खुणेला जागा नाही. अक्षरे सुटी करावीत तर शिरोरेघ तुटते आणि शब्दाचा शब्दपणाच जातो. मोठ्या लिपीतली अक्षरे म्हणून रोमनसारखा वेगळा संच आपल्याकडे नाही, त्यामुळे आख्खा शब्द मोठ्या अक्षरांत लिहून ओरडण्याचीही सोय नाही.

तिरप्या अक्षरांबद्दल एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. रोमन लिपीत तिरपा ठसा म्हणजे सरळ अक्षर कलते करणे नव्हे. तो स्वतंत्रपणे रेखाटलेला असतो, त्यातल्या काही अक्षरांची रूपेच बदलतात. आपण देवनागरी मजकुरावर तिरपे करण्याची कळ दाबतो तेव्हा बहुतेक वेळा संगणक सरळ अक्षरालाच एका बाजूला ढकलतो. शिरोरेघ आडवीच राहते, काने तेवढे कलतात, गोलाया चेपल्या जातात आणि शब्दाच्या शेवटी वेलांटी किंवा रफार असेल तर ती पुढच्या सरळ अवतरणचिन्हावर जाऊन आदळते. आज सर्वत्र दिसणारा 'मुक्त' हा टंक (फाँट) पाहा. त्यात बारीक ते जाड असे अनेक पर्याय आहेत, पण तिरपा एकही नाही. काही नव्या टंकांत मुद्दाम रेखाटलेले तिरपे रूप मिळते, पण ते कथेच्या लहान अक्षरांत सलग पानभर वाचून पाहा, डोळे थकतात.

मुद्राराक्षस

अगदी बरोबर. खिळ्यांच्या काळात तर हा प्रश्नच नव्हता. जोडाक्षरे धरून देवनागरीचे खिळे काहीशे होतात. ठळक अक्षरांचा वेगळा संच घेणेच छापखान्याला जड जाई, तिथे तिरप्या संचाची चैन कोण करणार? म्हणून आपल्या पुस्तकांत खास शब्द एकेरी अवतरणचिन्हांत टाकण्याची सवय रुळली. ती सवय गरजेतून आली असली तरी वाईट नाही.

गोंयकार

थोडे विषयांतर करतो. मराठीला रोमन अक्षरांची संगत अगदी जुनी आहे. फादर स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात रायतूर येथे छापले गेले ते रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळेच तिथे नव्हते. ती प्रथा पुढे चालली असती तर निशिगंधताईंना आज हवी तेवढी तिरपी अक्षरे मिळाली असती, आणि आपण सगळे 'ळ' कसा लिहायचा यावर भांडत बसलो असतो.

रानवारा

देवनागरीने स्वतःचा उपाय शोधला नाही, हे सईताईंचे म्हणणे मला पटत नाही. उपाय आपण रोज वापरतो, फक्त त्याला उपाय म्हणत नाही.

पहिला उपाय द्वित्ताचा. 'मोठा' आणि 'मोठ्ठा' यांत फरक आहे की नाही? 'एवढा' आणि 'एवढ्ढा', 'नको' आणि 'नक्को', 'अजिबात' आणि 'अज्जिबात' या जोड्या मोठ्याने म्हणून पाहा. आवाजाचा जोर आपण थेट व्यंजनावर लादतो आणि तो जसाच्या तसा कागदावर उतरतो. दुसरा उपाय अवग्रहाचा. संस्कृतात ऽ हे चिन्ह लोपलेला 'अ' दाखवते. मराठीने तेच चिन्ह उचलून स्वर लांबवण्यासाठी वापरले. 'अगं बाईऽऽ' मधला हेल तिरप्या अक्षरांनी कसा दाखवणार? तिसरा उपाय रंगांच्या शब्दांत सापडतो. 'फार काळा' म्हणायची आपल्याला गरजच पडत नाही, आपण काळाकुट्ट म्हणतो. पिवळाधमक, लालभडक, हिरवागार, पांढराफटक म्हणतो. शिवाय 'पांढराशुभ्र' कौतुकाने आणि 'पांढराफटक' आजारी चेहऱ्याला, म्हणजे जोराबरोबर मतही देऊन मोकळे होतो. एवढे असताना अक्षरे कलती करायला हवीत?

पडवीतला

द्वित्ताचा अतिरेकही वाईट. एका स्पर्धेसाठी आलेल्या कथा मी वाचत होतो. एका कथेत नायक 'मोठ्ठ्या' घरात राहत होता, 'छोट्ट्या' खोलीत झोपत होता आणि 'खूप्पच' रडत होता. चौथ्या पानावर मीही रडण्याच्या बेतात आलो.

उंबरठा

हा प्रतिसाद मी संपूर्ण ठळक अक्षरांत लिहिला होता. प्रकाशित करण्यापूर्वी वरचे प्रतिसाद वाचले आणि साधा केला. आता त्यात काही मुद्दा उरलेला नाही, असे लक्षात आले आहे.

वाचिक

मी कथांचे ध्वनिमुद्रण करते, म्हणजे लेखकाने केलेल्या प्रत्येक खुणेचा अर्थ मला आवाजाने लावावा लागतो. त्या अनुभवावरून दोन गोष्टी सांगते.

ठळक शब्द समोर आला की मी गोंधळते. तो मोठ्याने म्हणायचा, हळू पण ठासून म्हणायचा, की आधी क्षणभर थांबून म्हणायचा? 'तू इथे आलास' यातला 'तू' ठळक केला तर तो राग, आश्चर्य, आनंद यांपैकी काहीही असू शकतो. लेखकाने मला 'इथे जोर आहे' एवढेच सांगितले, 'कसला' ते सांगितले नाही. याउलट 'तू? आणि इथे?' असे लिहिले असेल तर मला विचारावे लागत नाही. प्रश्नचिन्ह आणि 'आणि' यांनी सगळे काम केलेले असते. विरामचिन्हे म्हणजे माझ्यासाठी श्वासाच्या जागा आहेत. अक्षरांची जाडी म्हणजे कोणीतरी बाजूने कोपराने ढोसल्यासारखे वाटते.

दुसरे म्हणजे अंध वाचक. पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रणाली अक्षर तिरपे आहे की ठळक, हे सहसा आपणहून सांगत नाहीत. ज्या कथेतला सगळा जोर अक्षरांच्या रूपात आहे ती कथा अशा वाचकापर्यंत सपाट होऊन पोचते.

शाईचा डाग

वाचिक, तुमचा शेवटचा मुद्दा माझ्या डोक्यात कधीच आला नव्हता. तो मी निमूटपणे स्वीकारतो.

पण या चर्चेत दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होत आहे, असे मला वाटते. निशिगंध यांनी तिरपी अक्षरे जोरासाठी वापरलीच नव्हती. ती मनातले विचार आणि आईचे पत्र वेगळे दाखवण्यासाठी होती. तो जोर नव्हे, तो आवाजातला बदल आहे. विल्यम फॉकनरने १९२९ च्या आपल्या कादंबरीत काळाची उडी दाखवण्यासाठी तिरप्या अक्षरांचा आधार घेतला, कारण ज्याच्या डोक्यातून आपण ते प्रसंग पाहतो त्याला काल आणि आज यांतला फरकच कळत नाही. मी इंग्रजीतून भाषांतरे करतो तेव्हा अशी पाने आली की घाम फुटतो. जोराचा तिरपा शब्द मी शब्दक्रमाने निभावून नेतो, पण अर्धे पान तिरपे असेल तर ते मी सरळ करून लेखकाचा आवाज मारायचा का?

मास्तरीणबाई

मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते, म्हणून विरामचिन्हांबद्दल चार शब्द.

मोडीत लिहिताना शिरोरेघ आधीच पानभर ओढलेली असे आणि शब्दांमध्ये मोकळी जागाही सोडत नसत, मग विरामचिन्हे कुठली? पोथ्यांत दंड होता. आज आपण जी चिन्हे वापरतो ती इंग्रजीच्या वाटेने आली आणि ती मराठीत रुजवण्याचे श्रेय मेजर टॉमस कँडी यांना दिले जाते. त्यांनी १८५० मध्ये 'विरामचिन्हांची परिभाषा' लिहिली. हिंदीने दंड राखला, आपण टिंब घेतले. म्हणजे 'तिरपी अक्षरे परकी, म्हणून नकोत' हा युक्तिवाद कोणी करणार असेल तर त्याने आधी आपला पूर्णविराम परत करावा. परकेपणा हा मुद्दा नाही. काम होते की नाही, हा आहे. अपूर्णविराम मराठीत तितकासा रुळला नाही, कारण अक्षरापुढे दोन टिंबे दिली की विसर्ग वाटतो. म्हणूनच जुने लोक त्यापुढे आडवी रेघ ओढत.

माझे विद्यार्थी उद्गारचिन्हे तीन तीन देतात. मी त्यांना सांगते की मराठीत उद्गार शब्दातच असतो. 'अरेरे' म्हटल्यावर हळहळ कळली, 'छे' म्हटल्यावर नकार कळला. त्यापुढचे एक चिन्ह रीत म्हणून ठीक आहे, दुसरे आणि तिसरे नक्की कोणासाठी? टिंबांचे तर विचारूच नका. अर्धवट सोडलेले वाक्य आणि लेखकाला पुढे काय लिहावे ते न सुचलेले वाक्य, दोन्हींच्या शेवटी तीच तीन टिंबे असतात, आणि परीक्षकाला फरक कळतो.

शाईचा डाग यांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की मराठीत आवाजातला बदल दाखवण्याचा एक सुंदर मार्ग लेखनाच्या नियमांतच ठेवलेला आहे. निवेदनात आपण 'केले, म्हटले, सांगितले' लिहितो आणि पात्राच्या तोंडी 'केलं, म्हटलं, सांगितलं' लिहितो. त्या एका शीर्षबिंदूने वाचकाला कळते की आता माणूस बोलतो आहे. मनातले विचार बोलीत लिहा आणि निवेदन प्रमाण ठेवा, मग अक्षर कलते करण्याची वेळच येणार नाही.

अक्षरवेडा

मास्तरीणबाई, हे फारच नेमके सांगितलेत. पण अलीकडे अनेक लेखक निवेदनही बोलीतच लिहितात. तिथे ही युक्ती चालत नाही.

मास्तरीणबाई

खरे आहे. तिथे परिच्छेद बदलावा, आणि पत्र असेल तर दोन्ही बाजूंनी समास सोडून आत घ्यावे. तिरप्या अक्षरांपेक्षा ते मला अधिक सभ्य वाटते.

पडवीतला

आमच्या कुटुंबाच्या गटावर एक काका प्रत्येक संदेशात दोन्ही बाजूंनी तारका देऊन शब्द ठळक करतात. 'उद्या *नक्की* या. जेवण *साधेच* आहे.' जेवण साधे आहे हे ठळक करण्याचे कारण आम्हाला जेवायला बसल्यावर कळले.

निशिगंध

सर्वांचे मनापासून आभार. मी चार दिवस गप्प होते, कारण हे सगळे समोर ठेवून कथा पुन्हा लिहीत होते.

ठळक शब्द मोजले तर एकोणीस होते. त्यांतल्या अकरा ठिकाणी शब्दांची नुसती जागा बदलली आणि काम झाले. भावाला म्हटलेले वाक्य आता 'तुला मी पैसे देणार नाही' असे आहे. चिंचगुळ, ते तुमचेच. तीन ठिकाणी 'च' आला आणि त्यांतला एक नंतर मीच काढला. चार ठिकाणी असे लक्षात आले की तिथे जोर नकोच होता. वाक्य मला कमकुवत वाटत होते म्हणून मी शब्द जाड केला होता. एका जागी मात्र काहीच जमेना. नायिका म्हणते, 'तो माझा भाऊ होता', आणि जोर 'होता' वर आहे. 'होता तो माझा भाऊ' म्हटले की लावणीचा ठेका येतो, 'होताच' म्हटले की कोणीतरी नाकारल्यासारखे वाटते. शेवटी तिथे मी 'तो माझा भाऊ होता. होता.' असे लिहिले आहे. बरे वाटते का, सांगा.

विचार मी बोलीत आणले आणि निवेदन प्रमाण ठेवले, तिरपी अक्षरे गेली. पत्र समास सोडून आत घेतले आहे.

शाईचा डाग

'होता. होता.' उत्तम आहे. दुसऱ्या 'होता' ला हात लावू नका.

वाचिक

दोन्हींमध्ये किती थांबायचे ते मला कळले. याहून जास्त खूण नको.

निशिगंध

आजच संपादकांचा फोन आला. बाकी सगळे चालेल म्हणाले, फक्त नायिकेची आई तिला हाक मारते त्या 'सुमेऽऽ' मध्ये अवग्रह दोन ठेवायचे की तीन, ते विचारत होते. मी म्हटले, आई ओट्यापाशी उभी आहे आणि सुमा परसात आहे, तेव्हा दोन पुरेत. विहिरीवर गेली असती तर तीन लागले असते. ते हसले आणि दोन ठेवले.